त्वचेचा कर्करोग: नागपुरात कुठे दाखवायचं, खर्चाची सोय कशी करायची

नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून इथे येणाऱ्या कुटुंबांकडून आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रुग्णांसोबत ओपीडीच्या रांगेत आणि सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर उभं राहून जे कळलं, ते लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्याशीच येऊन थांबतात. क्रम चुकवू नका. आधी बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं, रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी योजनेची चौकशी, आणि पैसे भरण्याचा विचार त्यानंतर. या आजारात कुटुंबं कर्जात जातात ती बरेचदा हा क्रम उलटा झाल्यामुळे.

साधी जखम आहे की कॅन्सर, कसं ओळखायचं?

घरी बसून ओळखता येत नाही. डॉक्टरकडे कधी जायचं, एवढं मात्र ठरवता येतं. महिनाभर मलमपट्टी करूनही जखम भरत नसेल, खपली धरून पुन्हा रक्त येत असेल, कडा उचललेल्या आणि कडक लागत असतील, तर दाखवायला जा. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाजवळ किंवा पापणीखाली, मोत्यासारखा चकाकणारा छोटा फोड महिनोन्महिने तसाच असेल तरी जा. तीळ वाढू लागला, त्याचा आकार वेडावाकडा झाला, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, तर थांबू नका.

दुखत नाही म्हणून थांबणारे खूप असतात. सुरुवातीला हा आजार बहुधा दुखतच नाही.

आपण सावळी माणसं, आपल्याला काहून होईल हा रोग?

गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा आपल्याकडे तो बराच कमी होतो, हे खरं आहे. त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून संरक्षण देतं. पण आपल्याकडे हा आजार अशा जागी येतो जिथे कोणी बघत नाही, आणि म्हणून उशिरा सापडतो.

तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा बघा. सावळ्या लोकांमध्ये मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार, बरेचदा इथेच होतो. अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ दिसली की दरवाज्यात सापडलं असेल असं म्हणून सोडून दिलं जातं. मार लागलेलं रक्त नखासोबत हळूहळू पुढे सरकतं आणि निघून जातं. रेघ जागेवरच राहिली, रुंद होत गेली किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर आला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

दुसरी जागा म्हणजे जुने व्रण. लहानपणी भाजलेल्या पायावरचा डाग, वर्षानुवर्षं वाहणारी जखम, कुष्ठरोग बरा झाल्यावरही तळपायावर राहिलेला व्रण, हे सगळं त्यात आलं. अशा जागी वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. जुनी जखम अचानक वाढू लागली, घाण वास येऊ लागला, मांस वर येऊ लागलं, तर तिच्याकडे नव्या आजारासारखं बघायला हवं.

तिसरी जागा आपल्याच घरातली आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात कमरेवरच्या त्वचेच्या कॅन्सरच्या दोन स्त्रिया नोंदवल्या. दोघीही वयस्कर. एकीच्या परकराची नाडी वर्षानुवर्षं कंबरेत घट्ट बांधलेली असायची. दुसरी लुगडं नेसायची, त्याची गाठ चाळीस वर्षं त्याच जागी बसलेली. या दुसरीचा आजार जांघेतल्या लसिका गाठींपर्यंत पोचला होता. धोतराच्या घट्ट गाठीमुळे होणाऱ्या अशाच कॅन्सरची नोंद आपल्या देशात १९४० च्या दशकातच झालेली आहे. म्हणून आजीला, आईला एकदा विचारा. नाडीच्या जागी काळं पडलंय का, साल निघतंय का, भेग आहे का? त्या स्वतःहून सांगणार नाहीत. नाडी सैल बांधणं, जागा बदलत राहणं, शक्य असेल तर घरात सैल कपडे घालणं, एवढ्यानंही त्या त्वचेला आराम मिळतो.

जन्मापासून त्वचेत रंगद्रव्य नसलेली माणसं, किडनी बदललेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे रुग्ण, यांना धोका खूप जास्त असतो. त्यांनी विदर्भाच्या उन्हात टोपी-दुपट्ट्याशिवाय निघूच नये आणि दर वर्षी त्वचा तपासून घ्यावी. आणि कोड, म्हणजे पांढरे डाग, हा कॅन्सर नाही.

पहिल्यांदा कुठे दाखवू?

त्वचारोगतज्ज्ञाकडे. सरकारीत जायचं तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयोच्या (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) त्वचारोग विभागात, नाहीतर मिहानमधल्या एम्समध्ये. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. खासगी दवाखान्यात जायचं असेल तर डॉक्टर एमडी किंवा डीव्हीडी त्वचारोग आहेत ना, ते पाटीवर बघा. 'स्किन क्लिनिक' अशी पाटी कोणीही लावू शकतो.

एक कळकळीची विनंती. तीळ किंवा चामखीळ पार्लरमध्ये जाळून घेऊ नका, ॲसिड लावून काढू नका. कुठल्याही डॉक्टरनं गाठ काढली तर ती तपासणीला पाठवली का, ते विचारा. काढलेला तुकडा कचऱ्यात गेला की तो काय होता हे पुन्हा कधीच कळत नाही. औषधाच्या दुकानदारानं दिलेलं गोरं करणारं किंवा खाजेचं क्रीमही अशा जखमेवर चोळू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. लाली आणि खाज तेवढी दबते, आजार आत वाढत राहतो.

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. या एका समजुतीनं जितका वेळ वाया जातो तितका दुसऱ्या कशानंही जात नसेल. त्वचेची बायोप्सी ही छोटी गोष्ट असते. जागा बधिर करतात, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हा तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या डबीत टाकून पॅथॉलॉजीत जातो. डबीवर रुग्णाचं नाव, वय आणि शरीराची कुठली जागा ते लिहिलंय ना, हे तुम्ही स्वतः वाचा. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो, खास तपासण्या लागल्या तर जास्त.

प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायचं असेल तर तिथले डॉक्टर ब्लॉक आणि स्लाइड मागतातच. ते मागून घ्या आणि कडक डब्यात ठेवा. हे जवळ नसलं की बायोप्सी पुन्हा करावी लागते, पैसेही पुन्हा जातात.

ओपीडीत केलेल्या बायोप्सीचा खर्च सहसा योजनेत येत नाही, कारण योजना मंजूर उपचारापासून सुरू होते. म्हणून ऐपत नसेल तर ही तपासणी मेडिकल-मेयोत करून घ्या. तिथे नाममात्र शुल्क लागतं.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

तीन नावं ओळखून ठेवा. बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो, लांब क्वचितच पसरतो, पण नाक-डोळ्याजवळ असेल तर आजूबाजूचं कुरतडत जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जुन्या जखमांवरही होतो आणि काख-जांघेतल्या लसिका गाठींमध्ये जाऊ शकतो. मेलॅनोमा सगळ्यांत वेगवान. त्यात किती मिलिमीटर खोल गेला हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तो रिपोर्टवर नसेल तर डॉक्टरांना विचारा.

कॅन्सर निघाला. आता कुठल्या रुग्णालयात?

नागपुरात पर्याय आहेत, लगेच मुंबईची गाडी धरायची गरज बहुतेकांना नसते. मानेवाडा रोडकडचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, लोक त्याला तुकडोजी हॉस्पिटलच म्हणतात. वर्धा रोडवर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. मिहानमध्ये एम्स. शिवाय मेडिकल. चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा भागातल्यांना वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगी मेघेची रुग्णालयं जवळ पडतात.

निवडताना इमारत बघू नका. दोन प्रश्न विचारा. इथे कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघंही आहेत का? आणि माझ्या या उपचारासाठी इथे योजना लागू आहे का? चेहऱ्यावरचा आजार असेल तर पहिला प्रश्न फारच महत्त्वाचा.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करतात? पाय कापतात का?

बहुतेक वेळा नाही. गाठीसोबत आजूबाजूची थोडी निरोगी त्वचाही काढतात. छोट्या बेसल सेलला साधारण ४ मिलिमीटर, स्क्वॅमस सेलला त्यापेक्षा थोडी जास्त, मेलॅनोमाला खोलीप्रमाणे १ ते २ सेंटिमीटर. जखम मोठी झाली तर मांडीची त्वचा आणून लावतात किंवा शेजारची त्वचा वळवून घेतात. काढलेला भाग पुन्हा तपासायला जातो. कडा स्वच्छ निघाल्या म्हणजे त्या जागचा आजार पूर्ण निघाला असं समजायचं. कडेवर पेशी दिसल्या तर आणखी काढावं लागतं किंवा रेडिएशन द्यावं लागतं.

वेळेवर आलेल्या रुग्णाचं काम बरेचदा या एका ऑपरेशनवर भागतं. फार उशीर होऊन आजार हाडापर्यंत गेला तर मात्र बरेचदा अवयव वाचवता येत नाही.

पैसे कुठून आणायचे? कुठली योजना लागते?

सगळ्यांत आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारतसोबत ती एकत्र चालते. १ जुलै २०२४ पासून दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आधी ते दीड लाख होतं. पिवळी, केशरी आणि आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही" असं म्हणून परत जाणारे लोक आजही भेटतात. तुम्ही परत जाऊ नका.

कॅन्सरची ऑपरेशनं, केमोथेरपी आणि रेडिएशन, तिन्हींची पॅकेजेस या योजनेत आहेत. काही उपचार मात्र फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून तुमचा उपचार कुठे बसतो हे आधी विचारायचं. चौकशीसाठी निःशुल्क क्रमांक आहेत: १५५३८८ आणि १८००२३३२२००.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो. त्याच्याकडे शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट न्या. तो शिधापत्रिकेचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक टाकून कुटुंब शोधतो, रुग्णाचा फोटो घेतो, रुग्णालय कागद चढवतं आणि वरून पूर्वमंजुरी येते. ती आली की रुग्णालयानं तुमच्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ही खिडकी गाठा.

घरात कोणी ७० किंवा त्याहून जास्त वयाचं असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि कुटुंब आधीच योजनेत असलं तरी त्यांना वेगळे ५ लाख मिळतात. त्वचेच्या कॅन्सरचे बरेच रुग्ण या वयाचे असतात, म्हणून हे विसरू नका.

आधारवर 'सुमनबाई', रेशनकार्डवर 'सुमन'. चालेल का?

बहुतेक धावपळ इथेच होते. नावात, वयात फरक असेल, सून किंवा नवं बाळ कार्डावर चढवलेलं नसेल, कार्ड ऑनलाइन झालेलं नसेल, ई-केवायसी राहिलेली असेल, तर मंजुरी अडकते. बायोप्सीचा रिपोर्ट यायला जे सात-आठ दिवस लागतात, ते या कामासाठी वापरा. एक माणूस रुग्णाजवळ, एक माणूस पुरवठा कार्यालयात, अशी वाटणी करा. तालुक्याला पुरवठा निरीक्षकाला बायोप्सी केल्याचा कागद दाखवून तातडीची विनंती करता येते. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी दुरुस्त झालेलं कार्ड पुढे कामाला येतंच.

आधी रोख भरले, नंतर योजनेतून परत मिळतील का?

ते धरून चालू नका. योजना कॅशलेस आहे, आधी मंजुरी मग उपचार. मुख्यमंत्री सहायता निधीही झालेल्या खर्चाची भरपाई करत नाही. एका कुटुंबानं बैलजोडी विकून ऑपरेशन केलं आणि टाके निघाल्यावर केशरी कार्ड घेऊन विचारायला आलं. त्यांना काय उत्तर द्यावं, सुचत नव्हतं. तेव्हापासून येईल त्याला आम्ही पहिला प्रश्न कार्डाचा विचारतो.

योजना लागू आहे, तरी पैसे मागतात. काय करू?

शांतपणे म्हणा, "लिहून द्या आणि पावती द्या." बरेचदा मागणी तिथेच थांबते. नाही थांबली तर आरोग्यमित्राला सांगा, मग १५५३८८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडेही जाता येतं. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती सांभाळा.

खासगीतही तुम्हाला काही हक्क आहेत. खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि त्यात शस्त्रक्रिया, भूल, खोली, प्लास्टिक सर्जरी, पॅथॉलॉजी वेगवेगळं दाखवायला सांगा. नुसता एक आकडा मान्य करू नका. आपल्या केसचे कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत.

योजनेत बसलो नाही, किंवा ५ लाख संपले. पुढे?

दोन-तीन दारं आहेत, आणि ती एकाच वेळी ठोठवा.

धर्मादाय रुग्णालय: सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंद असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला न्या आणि रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. खाट नाही असं सांगितलं तर नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करता येतो.

मुख्यमंत्री सहायता निधी: उत्पन्न मर्यादा १ लाख ६० हजार. अर्ज, रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, रिपोर्ट आणि दाखल रुग्णाचा जिओ-टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो लागतो. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे, मुंबईला जावं लागत नाही. हा अर्ज विनामूल्य असतो. "साहेबांशी ओळख आहे" म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी केंद्राचा आरोग्य मंत्री कर्करोग रुग्ण निधी आहे आणि तो प्रादेशिक कर्करोग केंद्रांमार्फत मिळतो. तुकडोजी हॉस्पिटल त्यांपैकी एक आहे, तिथेच विचारा. कारखान्यात ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, घरी कोणी केंद्र सरकारच्या किंवा कोळसा खाणीच्या नोकरीत असेल, तर त्यांच्या वैद्यकीय सोयी आधी तपासा. हे कागद घरात असूनही लोकांच्या लक्षात नसतात.

मेडिक्लेम आहे. त्यातून होईल?

होईल, पण प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळ दावा करता येत नाही, ते बघा. आधीपासूनच्या आजारासाठी तो आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीनं तासाभरात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत. डॉक्टरांच्या कागदावर "किती दिवसांपासून" हे नीट आणि खरं लिहिलंय ना ते पाहा. चुकून जास्त वर्षं लिहिली गेली की दावा तिथेच अडतो. जुन्या करप्रणालीत कर भरत असाल तर कॅन्सरच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते.

डॉक्टरांनी महागडं इंजेक्शन लिहिलं. परवडत नाही.

पसरलेल्या मेलॅनोमात इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी, इंजेक्शनं देतात. ती खरंच महाग असतात आणि योजनेत सहसा बसत नाहीत. लाजू नका, डॉक्टरांना सरळ सांगा की एवढे पैसे नाहीत. यानं किती फायदा अपेक्षित आहे, किती डोस लागतील, कंपनीची रुग्ण सहाय्य योजना आहे का, स्वस्त पर्याय कोणता, हे चार प्रश्न विचारा. घर गहाण ठेवण्याआधी दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत घ्या. बाकीची औषधं जनऔषधी किंवा अमृत फार्मसीत बघा, किमतीत मोठा फरक पडतो.

गडचिरोलीहून येतो. भाडंच परवडत नाही.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयातून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. जामठा आणि मिहानसाठी खापरीपर्यंत मेट्रो जाते, पुढे ऑटो. रेडिएशन असेल तर आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे यावं लागतं. रोज ये-जा जमणार नाही, म्हणून धर्मशाळेची किंवा राहण्याची सोय समाजसेवकाकडे पहिल्याच दिवशी मागा.

जडीबुटीवाला बरं करतो म्हणतो. आधी ते करून बघू का?

नको. जखमेवर लावायचे असे लेप बरेचदा त्वचा जाळतात, वरून खपली येते आणि बरं वाटतं, खाली आजार वाढतो. वेळेवर आलेल्या बेसल सेल आणि स्क्वॅमस सेलचे बहुतेक रुग्ण ऑपरेशननं पूर्ण बरे होतात. ही संधी लेपात घालवू नका. आजीचं मन मोडायचं नसेल तर देवाचा अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको.

ऑपरेशन झालं, आता सुटलो का?

तपासणी सुरू ठेवायची असते. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसं. ज्याला एकदा त्वचेचा कॅन्सर झाला त्याला दुसऱ्या जागीही होऊ शकतो. महिन्यातून एकदा उजेडात अंगभर बघा. पाठ, टाळू आणि तळपाय घरच्या माणसाला बघायला सांगा. काख आणि जांघेत गाठ लागते का, ते हातानं चाचपा.

फाईल एकच ठेवा: बायोप्सी, ऑपरेशन नोट, शेवटचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि योजनेच्या मंजुरीचा कागद. सगळ्यांचे फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवर असू द्या, आणि पुढच्या तपासणीची तारीख फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.